सीलचं दूध

८ मार्च, रविवार

काल शाळेत चिठ्ठ्या काढल्या. हेडसरांच्या डोक्यात आलंय, सुट्टीत पोरांना मोबाईलवर बघायला छोटे धडे करायचे. प्रत्येक धड्यात दोन प्राण्यांची तुलना. एका डब्यात जमिनीवरचे प्राणी, दुसऱ्यात पाण्यातले, प्रत्येक शिक्षकानं दोन्हीकडं हात घालायचा. रुबीनाला हत्ती आणि देवमासा आले. मला आलं काय, तर खार आणि सील! सगळी स्टाफरूम हसली. रुबीना आमच्याकडं गेल्या वर्षीच लागली, विज्ञानच शिकवते, धडे शूट करायचं कामही तिच्याचकडं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, बदलूया की माझ्यासंगट." मी म्हटलं, कशाला बदलायचं? दोघी सस्तन. दोघी पिल्लाला दूध पाजतात. बास की तेवढं.

घरी आले तर हॉलमध्ये तो डीप फ्रीजर. बघितला की माझं डोकं फिरतं. जावईबापूंनी, विश्वजितनी, जयसिंगपूरच्या कुठल्याशा आईस्क्रीमच्या दुकानातला जुना उचलून आणलाय. अजून त्याच्यावर कोनाचं चित्र आहे. आणि आत काय? माझ्या लेकीचं दूध. बाळंतपणाला आलेली मोना वेळ मिळेल तेव्हा यंत्र लावून बसते, दूध काढते, पिशवीत भरते, आत ठेवते. गुंडूला आता कुठं तीन महिने झालेत. सत्तावीस एप्रिलला हिला भुसावळला रेल्वेच्या ट्रेनिंगला हजर व्हायचंय. असिस्टंट लोको पायलट. इंजिनात बसणार बाई! बाळंतपणासाठी एकदा तारीख पुढं करून मिळाली, आता परत मागितली तर निवडच जाईल म्हणते. ट्रेनिंग संपेस्तोवर गुंडू इथं. सुट्टीत मी, जूनपासून तिच्या सासूबाई येऊन राहणार. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी "बघू" म्हटलं, त्यांनी ते "हो" धरलं.

आमच्या घरात दूध म्हणजे काय? आमचे हे रोज संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर जातात, म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात धार, वर फेस, उभ्या उभ्या पितात, ते दूध. आणि नातवाला महिन्यापूर्वीचं गोठलेलं पाजायचं. मी विज्ञान शिकवते, ते टिकतं हे मला माहीत आहे. तरी मनाला पटत नाही त्याला मी काय करू?

कालपासून फ्रीजरवर टेबलक्लॉथ घालून ठेवलाय. शेजारच्या तानाबाईनं विचारलं तर सांगितलं, लोणच्याच्या कैऱ्या आहेत.

१२ मार्च, गुरुवार

सीलबद्दल वाचत बसले होते. सारखं उठायला होतं. थोडं वाचलं की गॅलरीत, परत खुर्चीत, परत गॅलरीत. गॅलरीतल्या जुन्या कूलरमध्ये खारीनं घर केलंय. कूलरच्या गवतात पिल्लं आहेत, बारीक चीं चीं ऐकू येतं. बया गुंडूच्या दुपट्याचा कापूस ओढून नेते, माझ्या डोळ्यांसमोर. नेऊ दे. आईच आहे ती. कितीतरी आठवडे पाजते पिल्लांना. पिल्लं जन्मतात ती उघडी, आंधळी, बोटाएवढी.

आणि सील? पिल्लू डोळे उघडे घेऊनच येतं, अंगावर लव असते. आणि एका जातीत आई त्याला पाजते फक्त चार दिवस. चार! बर्फावर चार दिवस पाजायचं आणि पाचव्या दिवशी बाईसाहेब पाण्यात. पिल्लू तिथंच, एकटं. मी वाचलं आणि मला इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं. मोना आत यंत्र लावून बसली होती. त्याचा घरघर आवाज सगळ्या घरात येतो.

समुद्राचं काही वाचलं की मला असंच होतं, चैन पडत नाही. एम.एस्सी. झाल्यावर गोव्याला मला समुद्रातल्या प्राण्यांवर संशोधनाची जागा मिळत होती. मोना तेव्हा एवढीशी. चंदगडला माझ्या आईकडं आठवडाभर ठेवून बघितली. आईचा निरोप आला, पोरगी वरचं दूध तोंडाला लावत न्हाई, बोंडलं दिलं की ओठ मिटून घेती. झालं. मी चंदगडला गेले, पोरीला घेऊन आले, शाळा धरली. मला त्याचं काही वाटत नाही. कुणी अडवलं नव्हतं मला. इतक्या वर्षांनी ते आठवायचं कारण काय, तेच कळत नाही.

१८ मार्च, बुधवार

उद्या पाडवा. सकाळी सगळं घर काढलं. मोना बाळाला लस द्यायला घेऊन गेली होती, म्हटलं तेवढ्यात डीप फ्रीजरही साफ करून घ्यावा. सणाच्या आधी फ्रीज धुवायचा हा माझा पहिल्यापासूनचा नेम. बर्फ केवढा साचला होता! पिशव्या एका पातेल्यात काढून ठेवल्या आणि बटण बंद केलं.

मग गुढीची काठी धुतली. कडुलिंब आणला. साखरेच्या गाठी जुन्या राजवाड्याकडच्याच हव्यात म्हणून यांना परत पाठवलं. पुरणाची डाळ निवडली, तांब्या घासला, रेशमी खण पेटीतून काढून उन्हात टाकला, तानाबाईला आंब्याची डहाळी दिली. एकही गोष्ट राहिली नाही.

पिशव्या तेवढ्या विसरल्या.

माणूस विसरतं. सणाच्या घाईत विसरत नाही का माणूस? मोना दुपारी आली तेव्हा पातेल्यात सगळं पाणी-पाणी झालेलं. मी म्हटलं, "अगं बाई! माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

ती पातेल्यातल्या पिशव्या मोजत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभी केली. मोना नवीन साडी नेसली, ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता. शिवून आणला तेव्हा बरोबर बसला होता. म्हटलं, खात नाहीस नीट, काय लक्ष असतं तुझं? म्हणाली, "खाते की आई." पुरणपोळी अर्धीच खाल्ली.

काल संध्याकाळी तिनं ते वितळलेलं दूध मोरीत ओतायला घेतलं होतं. मी अडवलं. आईचं दूध मोरीत ओतत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात. मग ती खाली गेली आणि एकेक पिशवी कात्रीनं कापून प्राजक्ताच्या आळ्यात ओतत बसली. किती वेळ लागला तिला. मी वरून बघत होते. खाली जावं असं वाटलं, पण गुंडू कडेवर होता.

आज सकाळी परत यंत्राची घरघर सुरू. पोरगी हट्टी आहे. कुणावर गेलीय कोण जाणे.

२५ मार्च, बुधवार

धड्याचा मजकूर लिहून रुबीनाला दाखवला. बरा जमलाय. दोघींना केस, दोघींना फुप्फुसं, दोघींना मिशा. खार मिशांनी अंधाऱ्या घरट्यात वाट काढते आणि सील मिशांनी पाण्यातून गेलेल्या माशाचा माग काढते, हे पोरांना आवडेल. खारीला कान बाहेर, सीलला नुसती भोकं. खारीला पाय, सीलला वल्ह्यासारखे पर. शेवटी लिहिलं, "खार आपल्या पिल्लांना अनेक आठवडे सांभाळते. काही सील मात्र चार दिवसांत पिल्लाला टाकून जातात. मुलांनो, सांगा बरं, चांगली आई कोण?"

रुबीनानं वाचलं आणि नाक मुरडलं. "मॅडम, शेवटचा प्रश्न विज्ञानाचा न्हाई."

"मग कशाचा आहे?"

"ते मला न्हाई माहीत. पण 'टाकून' कशाला लिहिलाय? ती जाती. टाकून जाती कुठं?"

"पिल्लू बर्फावर सोडून पाण्यात जाणं म्हणजे काय मग?"

ती म्हणाली, "त्या चार दिवसांत ती काय खाती ते वाचलाय का तुम्ही?" मी म्हटलं, मी काय सीलचा डबा भरायला बसलेय का? हसली, पण मला ते हसणं आवडलं नाही. कालची पोरगी मला शिकवणार. प्रश्न तसाच ठेवणार आहे.

२ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांनी मोनाला सांगितलंय, आतापासूनच बाळाला दुसऱ्याच्या हातून दूध घ्यायची सवय लावा. बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं चालेल. आईच्या हातून घेणार नाही, वासानं ओळखतं. म्हणजे आलंच माझ्याकडं. चंदगडचं चांदीचं, चोचीचं बोंडलं कपाटातून काढलं, माझ्या आईचं. उकळलं. मोना बाहेर जिन्यात जाऊन बसली. मी मांडीवर घेऊन गुंडूला पाजायला बघितलं. ओठ घट्ट मिटले, मान फिरवली, रडला. दूध गळ्यावर सांडलं.

मोनाला हाक मारून म्हटलं, "नाही घेत गं."

७ एप्रिल, मंगळवार

रोज बघते. नाही घेत. आज तर त्यानं बोंडलंच हातानं उडवून लावलं. मी काय करू? जबरदस्ती करायची का पोरावर?

विश्वजितचा फोन आला होता. सासूला ते आत्याच म्हणतात. "आत्या, काय म्हणतंय गुंडू? घेतंय का न्हाई?" मी सांगितलं, आईशिवाय नाही राहायचं हे पोर, तुम्ही दोघांनी नीट विचार करा. मग म्हणाले, "विचार करूनच आलोय की आत्या हितपर्यंत." मी रीतीनं बोलले होते. माणसानं खरं सांगू नये का?

मोना आता जेवताना उठून जाते मधूनच. दुपारी उशीत तोंड घालून पडलेली. मी जवळ गेले तर म्हणाली, "झोपले होते." डोळे लाल होते.

सत्तावीसला नाही गेली तर नाही गेली. आकाश कोसळणार आहे का? मीही नव्हते गेले.

११ एप्रिल, शनिवार

आज घरात महाभारत झालं. उकडतंय म्हणून हे सकाळी गॅलरीतला कूलर ओढायला लागले, बाळाला वारा हवा म्हणे. मी पेपर तपासत होते, आवाज ऐकून धावत गेले. "अहो थांबा! खारीची पिल्लं आहेत!" तोवर यांनी मागची जाळी काढली होती. गवतात पिल्लं, आता अंगावर पट्टे आलेली, एकमेकांवर पडलेली. खार पत्र्यावर थयथयाट करत होती, शेपूट फुलवून. मी यांना वाटेल ते बोलले.

हे म्हणाले, "अगं मला सपनात दिसलं व्हय, हितं बाळंतीण हाय म्हणून?"

दुपारी खारीनं बिऱ्हाड हलवलं. एका पिल्लाला मानेला तोंडात धरलं, पत्र्यावरून, वायरवरून, पलीकडच्या नारळावर. परत आली, दुसरं नेलं. मी दारात उभी. मग आलीच नाही. एक पिल्लू मागं राहिलं. गवतात तोंड वर करून चिरचिर करतंय. मी हात लावत नव्हते, लावला तर ती घेणार नाही असं वाटलं. ऊन सरकलं तसा पुठ्ठा आडवा धरला. पेपर तसेच पडले. चहा गार झाला. तानाबाई येऊन गेली, काय बोलली मला आठवत नाही.

मोना गुंडूला घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, "येईल गं आई ती."

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

१२ एप्रिल, रविवार

आली. सकाळी हे दूध आणायला निघाले तेव्हा पत्र्यावर बसलेली. इकडं तिकडं बघितलं, आत शिरली, पिल्लाला उचललं आणि गेली. मी एवढी ओरडले की गुंडू दचकला. आनंदानंच ओरडले.

रात्रभर ते पिल्लू कुडकुडलं असेल. उशीर केलाच की बयेनं. पण आली.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज यांनी मला जे ऐकवलं ते लिहू की नको असं झालंय. लिहिते.

मोना बँकेत गेली होती. मी गुंडूला बोंडलं द्यायला घेतलं. हे पेपर वाचत होते, मला वाटलं वाचत आहेत. अचानक पेपर खाली ठेवून म्हणाले, "संयोगिता, आत्ताच पिऊन झोपून उठलंय न्हवं ते?"

"मग?"

"मग पोट भरल्यालं पोरगं बोंडलं घेईल व्हय? परवा बी तसंच. त्याच्या आदी बी. भूक लागायच्या येळंला तू त्याला तिच्याकडं देतीस आणि पोट भरलं की बोंडलं दावतीस. मी काय आंधळा हाय?"

मी म्हटलं, मी काय मुद्दाम करते का? मला काय पोराला उपाशी ठेवायचंय?

यांनी माझ्या हातातलं बोंडलं काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या आईनं बी असंच सांगितलं हुतं. वरचं घेत न्हाय म्हणून. मी चंदगडला न्ह्यायला आलतो तवा मोना माझ्या हातनं वाटीभर प्याली हुती. तू न्हाणीत हुतीस. सांगणार हुतो तुला. तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं, मी सांगितलं न्हाय."

आणि पेपर उचलला. उलटा होता.

आता ह्याला काय म्हणायचं? इतक्या वर्षांनी ही गोष्ट काढायची गरज काय? आईला जाऊन किती वर्षं झाली. माणूस बोलतं एक, त्याच्या मनात असतं एक. मला तर काही कळत नाही. डोकं दुखायला लागलंय. सगळ्या घरातून फिरून आले, बसवत नाही कुठंच. धुतलेली भांडी परत धुतली.

१८ एप्रिल, शनिवार

शाळेतून आल्यावर सीलचं उरलेलं वाचून काढलं. रुबीना म्हणाली होती ते. त्या दिवसांत ती सील बहुतेक काहीच खात नाही. बर्फावरून हलत नाही. तिच्या दुधात निम्म्याहून जास्त नुसती चरबी असते, ती तिच्याच अंगातली. पिल्लू फुगत जातं आणि आई वाळत जाते. चार दिवसांत पिल्लाचं वजन दुप्पट होतं. मग ती पाण्यात जाते. तिच्याजवळ द्यायला काही राहिलेलंच नसतं.

मोनाचा तो ब्लाऊज मी आज दोन्ही बाजूंनी आत घेतला. केवढा घ्यावा लागला.

१९ एप्रिल, रविवार

मोनाला सकाळी म्हटलं, आज त्याला पाजू नको. भूक लागू दे. आणि तू जिन्यात नको बसूस, महाद्वार रोडवर जाऊन ये, तुला दोन ड्रेस घे भुसावळला घालायला. ती बघतच राहिली. "आई?" म्हणाली. मी म्हटलं, जा की!

गुंडू रडायला लागला. फ्रीजरमधली पिशवी मी आधीच काढून कोमट पाण्यात ठेवली होती. मोनाचीच एक जुनी ओढणी खांद्यावर घेतली. बोंडलं ओठाला लावलं. मान फिरवली. परत लावलं. फिरवली. हे दाराशी उभे होते, त्यांना म्हटलं तुम्ही जावा आत. मी त्याच्याशी बोलत होते, काय बोलत होते कुणास ठाऊक, सीलचं आणि खारीचंच बोलत होते बहुतेक. एक थेंब आत गेला. त्यानं चुटकन आवाज केला. दुसरा गेला. मग पठ्ठ्यानं बोंडलं धरूनच ठेवलं हातानं, सोडेना.

सगळं प्यालं पोर. मला रडू आलं. रडले.

मोना आली तर मी तिला रिकामं बोंडलं दाखवलं. ती चपला न काढता तशीच देवघरासमोर जाऊन बसली. ओरडले नाही मी, चपलांवरून.

२५ एप्रिल, शनिवार

मोना गेली. विश्वजित पोचवायला गेलेत भुसावळपर्यंत. स्टेशनवर गुंडूला नेलं नाही, उन्हाचा त्रास नको म्हणून. खरं तर तिलाच नको होतं. घरातून निघताना तिनं त्याला पाजलं, मग फ्रीजर उघडून बघितला, मग परत त्याला जवळ घेतलं. मी रिक्षापर्यंत गेले. रिक्षात बसून म्हणाली, "आई, फ्रीजरचं बटण..."

मी म्हटलं, "त्यावर चिकटपट्टी लावलीय. कुणी हात लावला तर हात मोडीन."

दोघी हसलो. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि रिक्षा निघाली. यंत्राची घरघर थांबली तर घर कसं भकास वाटतंय. मी दिवसभर नुसती येरझाऱ्या घालतेय, गुंडू खांद्यावर. तोही हिंडवत ठेवल्याशिवाय झोपत नाही.

२९ एप्रिल, बुधवार

रुबीना आली, घरीच धडा शूट केला. मागं गॅलरी, नारळावर खारीची पिल्लं पळत होती, तीही आली चित्रात. मी सगळं बोलले. 'टाकून जाते' तिथं म्हटलं, 'समुद्रात परत जाते, आणि पिल्लू आईनं दिलेल्या चरबीवर तग धरतं.' शेवटचा प्रश्न विचारलाच नाही.

रुबीना मोबाईल खाली करून म्हणाली, "मॅडम, चांगली आई कोण, ते राहिलं की."

"राहू दे. मला त्याचं उत्तर येत नाही."

गुंडूच्या दुधाची वेळ झाली होती, रुबीना उठून गेली.

६ मे, बुधवार

काल दुपारी वळवाचा पाऊस झाला. पाऊस कसला, वादळच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी झाड पडलं, वायरी तुटल्या, लाईट गेली. आधी वाटलं येईल. येईना. वायरमन म्हणाला, खांबच वाकलाय, उद्या दुपारपर्यंत धरा.

माझा जीव फ्रीजरमध्ये. हे म्हणाले, "उघडू नको, टिकतंय." मलाही माहीत आहे टिकतं. पण जुना आहे तो, झाकणाचं रबर सुटलंय. गोधडी आणून त्यावर टाकली, वर दुसरी टाकली. बसले. उठले. हात लावून बघितलं. खालून पाणी यायला लागलं होतं. तेवढं पाणी बघितलं आणि मला त्या पातेल्यातलं पाणी आठवलं. पुढचा विचार करायला थांबलेच नाही.

स्टीलचा मोठा डबा घेतला, सगळ्या पिशव्या भरल्या, वर गोधडी गुंडाळली, गुंडूला यांच्याकडं दिलं आणि निघाले. रस्त्यात फांद्या, चिखल, पोरं पडलेल्या झाडावर चढून फोटो काढत होती. पेठेच्या कोपऱ्यावर खिजरचं कुल्फीचं दुकान. माझ्या हाताखाली शिकलाय तो, दहावीला विज्ञानात काठावर पास. त्याच्याकडं जनरेटर आहे. जनरेटर धडधडत होता आणि अख्खी पेठ लाईट नाही म्हणून तिथंच कुल्फी खात उभी होती. तानाबाईसुद्धा.

"खिजर, मला तुझ्या फ्रीजरमध्ये जागा पाहिजे."

"या की मॅडम. काय हाय, मासं हाय काय?"

सगळे बघायला लागले. तानाबाईनं मान पुढं काढली, कैऱ्याच असतील म्हणून. मला काय झालं कुणास ठाऊक. मी गोधडी काढली आणि मोठ्यानं म्हटलं, वर्गात बोलते तसं, "माझ्या लेकीचं दूध आहे. माझी मोना रेल्वेचं इंजिन चालवायला शिकायला गेलीय भुसावळला. जायच्या आधी स्वतः वाळली आणि पोरासाठी हे साठवून गेली. ते मला नासू द्यायचं नाही."

खिजरनं डबा बघितला, मग फ्रीजर उघडून मटक्याच्या कुल्फीचा एक सगळा कप्पा उचलून काउंटरवर ठेवला.

"अरे, वितळेल ती."

"वितळू द्या की मॅडम. लोकं हायतच की हितं खायाला." आणि ओरडला, "ओ पावणं, अर्ध्या किमतीला कुल्फी, या!"

तानाबाई डबा आत ठेवू लागली माझ्याबरोबर. पिशव्या अजून घट्ट होत्या. एकही वितळली नव्हती.

आज सकाळी मोनाचा फोन. मागं गाड्यांचा खडखडाट. "आई, कोल्हापुरात वादळ झालं म्हणं? लाईट हाय न्हवं? दूध..."

"दूध हाय. खिजरच्या कुल्फीशेजारी हाय."

"काय?"

"सगळं सांगते मग. गुंडूनं आत्ताच बोंडलं रिकामं केलंय. तू हिकडचा घोर करू नको मोना. तू गाडी हाक."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कुठंतरी जवळच इंजिनाचा भोंगा वाजला, एवढा मोठा की मी फोन कानापासून लांब केला, आणि गुंडूच्या कानाला लावला.